गाडीच्या बॅटरीवर घर चालवायचं असेल तर

विजेवरची गाडी घेतलेली माणसं मला हमखास विचारतात, "बॅटरी पन्नास युनिटची आहे, मग वीज गेली तर घर किती तास चालेल?" मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: गाडीतून बाहेर किती वॅट निघतात? टाकी केवढीही असो, पाणी नळाच्या तोंडाएवढंच येणार.

तेव्हा आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि 'व्हेइकल टू लोड' म्हणजे व्ही-टू-एल (गाडीतून बाहेरच्या उपकरणांना वीज द्यायची सोय) हे शब्द शोधा. ह्युंदाईची आयोनिक ५ आणि किआची ईव्ही६ या गाड्या ३.६ किलोवॅटपर्यंत देतात. २०२३ मध्ये आलेल्या नव्या रूपातल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ही मर्यादा ३.३ केव्हीएची (ढोबळमानाने किलोवॅटच धरा) आहे. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगसारखा पिकअप ९.६ किलोवॅटपर्यंत जातो, पण तो अपवाद. एकाच गाडीच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये ही सोय असेलच असं नाही, आणि चार्जिंगची केबल उलटी लावून वीज येत नसते. त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. तो चार्जिंगच्या पोर्टला बसला की गाडीला कळतं, आता घ्यायचं नाही, द्यायचंय. काही गाड्यांत स्क्रीनवरूनही परवानगी द्यावी लागते.

आता त्या तीन-साडेतीन किलोवॅटमध्ये काय बसतं ते बघू. २३० व्होल्टला हे साधारण १४-१५ अँपिअर होतात, म्हणजे घरातल्या एका जाड पिनच्या सॉकेटएवढे. एलईडी बल्ब ९ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारा नवा पंखा ३०, जुना पंखा ७०-७५, राउटर १०, लॅपटॉप ६०. ही मंडळी गाडीच्या खिजगणतीतही नाहीत. खादाड असतात ती उष्णता करणारी यंत्रं. गीझर एकटा २,००० वॅट घेतो, इंडक्शन शेगडी जवळपास तेवढेच. चालतात, पण एका वेळी एक.

मोटारीची गोष्ट निराळी. फ्रिज चालू असताना १००-२०० वॅटच घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढतो. त्या वेळी बाजूचा बल्ब किंचित मिचकतो, तो याचमुळे. म्हणून फ्रिज पहिला लावा, तो स्थिरावला की बाकीचं. पाण्याच्या पंपाबाबत मी लोकांना आशा दाखवत नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे शाफ्टवर ७४६ वॅट, बोर्डातून तो हजारभर खेचतो, आणि सुरू होताना सहज चार-सहा पट. अडॅप्टर ट्रिप होण्याची शक्यता दाट. वीज असतानाच टाकी भरून ठेवावी, हे सरळ.

किती टिकेल याचा हिशेब सोपा आहे. समजा रात्री बारा तास दोन बीएलडीसी पंखे, पाच बल्ब आणि राउटर चालू आहेत. झाले ११५ वॅट, बारा तासांचे १.४ युनिट (हजार वॅट तासभर चालले की एक युनिट). फ्रिजचा अर्धा युनिट धरा. एकूण दोन युनिटच्या आत. पन्नास युनिटच्या बॅटरीचे हे चार टक्केही नाहीत.

स्क्रीनवर मात्र याहून जास्त टक्के गेलेले दिसतात, आणि मग मला फोन येतो की गाडी खोटं बोलते. बोलत नाही. वीज द्यायची तर गाडीचे संगणक, कन्व्हर्टर, कधी कधी बॅटरी थंड ठेवणारा पंपसुद्धा जागा राहतो आणि त्या सगळ्यांना खायला लागतं. हा वरखर्च किती हे आपल्या गाडीपुरतं मोजून घेतलेलं बरं. सॉकेटमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळतो, तो मध्ये लावा. मीटर दोन युनिट म्हणतोय आणि बॅटरीतून तीन गेले, तर एक युनिट गाडीने स्वतःसाठी घेतला. यावरून एक उघड आहे: नुसता मोबाइल चार्ज करायला रात्रभर गाडी जागी ठेवणं तोट्याचं. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा मेनचा प्लग गाडीच्या सॉकेटला लावा, तो भरून घ्या आणि गाडी झोपवून टाका. मात्र इन्व्हर्टर घराच्या वायरिंगमध्ये कायमचा जोडलेला असेल, तर हे वायरमनकडूनच करून घ्या.

जोडायचा क्रम असा. सगळी उपकरणं बंद. गाडी पार्कमध्ये. डिस्चार्जची खालची मर्यादा ठरवायची सोय असेल तर ती ३० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे उद्या चार्जिंगच्या ठिकाणापर्यंत जाता येईल. मग अडॅप्टर, मग केबल, आणि शेवटी एकेक उपकरण.

केबलवर लोक नको तिथे काटकसर करतात. वीस मीटरची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल १४ अँपिअरला जवळपास ९५ वॅट उष्णता करते. सरळ पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. रीळावर गुंडाळलेली असेल तर ते ९५ वॅट आतल्या वेढ्यांतच कोंडतात आणि वरून हात लावला तर पत्ता लागत नाही. रीळ पूर्ण उलगडा, केबल अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, आणि अर्ध्या तासाने प्लगच्या पिनांजवळ हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर पिन सैल आहे, तिथेच थांबा. पावसात बाहेरचा जोड जमिनीवर पडलेला नको.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल करून गाडीची वीज घरातल्या सॉकेटमध्ये सोडायची नाही. कोणी सांगितलं तरी नाही. ती वीज मीटरमधून मागे लाइनवर जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होऊ शकते. वर खांबावर लाइन बंद समजून हात घातलेला माणूस असतो. शिवाय मेनची वीज परत आली की दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात आणि गाडीचा कन्व्हर्टर जातो तो वेगळाच. केबलचं एक टोक निघालं तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट नाचत असतात.

बोर्डातूनच वीज द्यायची असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवा, आणि तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. एका वेळी मेन किंवा गाडी, दोन्ही एकत्र जुळूच शकणार नाहीत असा.

तो बसवतानाही एक मेख आहे. गाडीच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर बऱ्याचदा दोन्ही भोकांत मंद पेटतो. माणसं घाबरतात, पण बिघाड नसतो. घरच्या पुरवठ्यात न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, अनेक गाड्यांत तो कशालाच बांधलेला नसतो, वीज जणू अधांतरी असते. उपकरण थेट केबलला लावलं तर याने बिघडत नाही. फार तर एखादा यूपीएस वायरिंगचा दोष दाखवत किरकिरतो. पण बोर्डातून दिली तर घरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ज्या वाटेवर भरवसा ठेवून ट्रिप होतो ती वाटच नसते. न्यूट्रल आणि अर्थ आपल्या मनाने एकत्र जोडून हे सोडवू नका. गाडीचं मॅन्युअल समोर ठेवून परवानाधारक वायरमनकडून करून घ्या.

गाडीत व्ही-टू-एल नसेल तर बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला इन्व्हर्टर लावता येतो, कंपनीची हरकत नसेल तर. तीनशे वॅटचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, पुरे, त्यालाही २५-३० अँपिअर लागतात. लायटरच्या सॉकेटला ते झेपत नाही, त्यामुळे थेट टर्मिनलला जोड आणि टर्मिनलला लागूनच फ्यूज. गाडी 'रेडी'मध्येच, म्हणजे चालवायला तयार अशी सुरू, असली पाहिजे, नाहीतर मोठी बॅटरी छोटीला भरत नाही. छोटी तासा-दीड तासात बसते, आणि मग मुख्य बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. नारिंगी रंगाच्या केबलना तर कोणीच हात लावायचा नाही. तिथे ४०० किंवा ८०० व्होल्ट डीसी असतात आणि डीसीची ठिणगी तुटता तुटत नाही.

संपूर्ण घर आपोआप गाडीवर जावं असं वाटत असेल तर दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो. निसानने लीफसाठी जपानमध्ये अशी ६ किलोवॅटची व्यवस्था २०१२ मध्येच आणली, आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर. गाडी आणि चार्जर दोघांनाही ते जमायला हवं, त्यामुळे चार्जर आधी घेऊन ठेवू नका.

बॅटरी झिजेल का, हेही विचारतात. गाडी रस्त्यावर १५-२० किलोवॅट सहज ओढते, तुमचे पंखे-बल्ब तिला जाणवतही नाहीत. वॉरंटीत व्ही-टू-एलबद्दल काही अट आहे का, एवढं वाचून घ्या.

आणि वीज जायच्या आधीच बोर्डापाशी जा. गीझर, एसी आणि पंपाच्या एमसीबींवर लाल टेप लावा: घर गाडीवर चालू असताना हे बंद. घरातल्या प्रत्येकाला ते दाखवा, कारण वीज जाते तेव्हा आपण घरी असूच असं नाही.