कॅसिनो रिसॉर्टमध्ये खोली घेण्यापूर्वी

आलिशान कॅसिनो रिसॉर्टमध्ये मुक्काम करायचा की ते नुसते पाहून यायचे, हे ठरवण्यापूर्वी तिथले कोणते आकर्षण केवळ निवासी पाहुण्यांसाठी राखीव आहे, हे तपासून घ्यावे. सिंगापूरच्या मरीना बे सँड्समधील ५७व्या मजल्यावरचा, सुमारे १५० मीटर लांबीचा जलतरण तलाव तिथे उतरलेल्यांनाच वापरता येतो. त्याच छतावरील निरीक्षण सज्जात मात्र कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो आणि खाडीकाठचा प्रकाश-पाण्याचा खेळ तर विनामूल्य असतो. लास व्हेगासमधील बेलाजिओची कारंजी समोरच्या पदपथावरूनही उत्तम दिसतात, तेव्हा केवळ त्यांच्यासाठी तिथली महागडी खोली घेणे मला अनावश्यक वाटते.

व्हेगासच्या बहुतेक मोठ्या हॉटेलांत भाड्याखेरीज दररोज ‘रिसॉर्ट फी’ आकारली जाते. वायफाय वा व्यायामशाळा वापरली नाही तरी ती द्यावीच लागते, म्हणून दरांची तुलना ती धरूनच करावी. स्पाचे पैसे सहसा वेगळे पडतात.

खेळायचेच असेल, तर दोन्ही शहरांत वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावण्याच्या खेळात, एकच शून्य असलेले चाक निवडावे, कारण दोन शून्यांच्या चाकावर लावलेल्या पैशांतला कॅसिनोचा सरासरी वाटा २.७ टक्क्यांवरून ५.२६ टक्क्यांवर जातो.