तेल्या यायच्या आधीच झाड तयार करा

सांगोल्याकडं आमची दोन एकर भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूचा रोग; त्यानं फळ एकदा तडकलं की ते वाचत नाही. म्हणून मी सांगतेय ते सगळं डाग दिसायच्या आधीचं.

पहिली गोष्ट बहाराची, म्हणजे झाडाला फुलं कधी येऊ द्यायची त्याची. आम्ही पावसाच्या सुरुवातीचा मृग बहार सोडला आणि पावसाच्या शेवटचा हस्त धरला. मृगाचं फळ ऐन पावसात वाढतं, आणि हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांवरच पानावरून फळावर जातो. तोडणी झाली की झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या. उपाशी मात्र ठेवू नका. शेणखत याच काळात घाला. युरिया जपून द्या, कारण नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि रोग आधी तिलाच गाठतो.

आता सॅलिसिलिक आम्ल. हे औषध जिवाणूला मारत नाही. किडीनं किंवा रोगानं हल्ला केला की झाड स्वतःच हे आम्ल तयार करतं आणि बाकीच्या पानांना इशारा देतं. फवारणीनं तोच इशारा आपण आधी पोचवतो. प्रमाण लिटरला 0.3 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 60 ग्रॅम. भुकटी थेट टाकीत टाकली तर वर तरंगत राहते. आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा, मग ढवळत ढवळत पाण्यात सोडा. नवी पालवी आली की पहिली फवारणी, पुढं महिन्याच्या अंतरानं तीन-चार. बोर्डो या मोरचुदाच्या फवारणीत मात्र हे आम्ल मिसळू नका, त्यात चुना असतो.

पहिल्या वर्षी मी डाग दिसल्यावर फवारलं होतं. काही उपयोग झाला नाही, आणि फळं तोडून जाळताना फार जीव तुटला.

आता रोज सकाळी पान उन्हाकडं धरून बघते. बारीक डाग, त्याभोवती तेल लागल्यासारखी कड दिसली की ती फांदी डागाच्या दोन इंच खालून कापायची. कापाला 10 टक्के बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आणि कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना दर वेळी सोडियम हायपोक्लोराइटच्या 1 टक्का द्रावणात बुडवा. मजूर कंटाळतात, म्हणून बादली घेऊन मी स्वतः त्यांच्या मागं फिरते.