फरशी उचलणाऱ्या मुळांचं काय करायचं?

अंगणातली फरशी उचलली गेली की दोन सल्ले हमखास मिळतात: मूळ छाटून टाका, नाहीतर वरून काँक्रीट ओता. पहिल्याने झाड धोक्यात येतं. दुसऱ्याने काही साधत नाही, कारण मूळ दरवर्षी जाड होत राहतं आणि काँक्रीटलाही तडा जातो. फरशीखाली ओल टिकते आणि फटींतून हवा मिळते, म्हणून मूळ तिथे येतं.

उचललेल्या फरश्या काढा आणि मूळ पूर्ण दिसेपर्यंत माती हाताने किंवा खुरप्याने उकरा.

आता थांबा आणि टेप घ्या. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण 1.4 मीटरवर, खोडाचा घेर मोजा आणि त्याला 3.14 ने भागा. हा खोडाचा व्यास. खोडापासून त्याच्या तिप्पट अंतराच्या आतलं मूळ तोडायचंच नाही. मी स्वतः पाचपट धरतो. घेर 94 सेंटीमीटर असेल तर व्यास 30, म्हणजे दीड मीटरच्या आत करवत न्यायची नाही. 5 सेंटीमीटरपेक्षा जाड मूळ त्यापलीकडे असलं तरी जाणकाराला दाखवल्याशिवाय कापू नका.

हे मी इतकं ठासून सांगतो, कारण माझ्या हातून एक झाड गेलं आहे. फाटकाजवळचं दंडाएवढं मूळ मी खोडापासून हातभर अंतरावर कुऱ्हाडीने तोडलं. पालवी नेहमीसारखी फुटली, म्हणून निर्धास्त राहिलो. दोन वर्षांनी वादळात झाड कललं. तोडलेल्या बाजूची माती वर आली होती आणि त्यात मुळाचं चिंध्या झालेलं, काळं पडलेलं टोक दिसत होतं. झाड काढावं लागलं. पानं हिरवी आहेत म्हणजे पकड शाबूत आहे, असं कधीच समजू नका.

कापण्याजोगं बारीक मूळ असेल तर धारदार करवतीने एका सरळ कापात तोडा. कुऱ्हाड नको, पहार तर नकोच. टोकाला डांबर किंवा रंग फासू नका. त्याने जखम भरत नाही. त्याच दिवशी मातीने झाका, पाणी द्या. ऐन उन्हाळ्यात किंवा वादळाच्या तोंडावर हे काम काढू नका. आणि एका वेळी झाडाची एकच बाजू.

कापलेल्या जागी फरशीच्या कडेने 45 ते 60 सेंटीमीटर खोल जाड प्लास्टिकचा अडसर उभा पुरा. त्याची वरची कड मातीच्या बोटभर वर ठेवा, नाहीतर मुळं वरून ओलांडतात.

जाड मुळाला मात्र वाट द्यावी लागते. जागा असेल तर पायवाट वळवा. नसेल तर त्या भागाची पातळी सावकाश चढवत न्या: मुळाभोवती मोकळी खडी, वर वाळू, त्यावर सुटे पेव्हर ब्लॉक. सांध्यांत सिमेंट नको, वाळूच भरा. काही वर्षांनी मूळ जाड झालं की तेवढे ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात.