कॅप्सूल आर्टची तयारी: सुरुवात सगळ्यात लहान चौकटीपासून

तुमच्या व्हिडिओ गेमच्या चित्रासाठी चित्रकार शोधायच्या आधी, आणि चित्र स्वतःच काढणार असाल तर नवी फाइल उघडायच्याही आधी, मापं लिहून काढा. स्टोअरमध्ये खेळाच्या नावासकट दिसणारं छोटं चित्र, म्हणजे कॅप्सूल, एकच करून भागत नाही. स्टीमला, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला, हेडर कॅप्सूल ९२० × ४३० पिक्सेलची लागते, स्मॉल ४६२ × १७४, मेन १२३२ × ७०६ आणि उभी ७४८ × ८९६. शिवाय लायब्ररीसाठी (घेतलेले खेळ जिथे दिसतात तिथे) ६०० × ९०० ची आणखी एक उभी, ३८४० × १२४० चा हिरो (वरचं रुंद चित्र) आणि पारदर्शक पार्श्वभूमीवरचा सुटा लोगो. इच.आयओ या छोट्या खेळांच्या साइटवर कव्हर किमान ३१५ × २५० चालतं, पण ६३० × ५०० चं द्यावं. मोबाइलवरही येणार असाल तर गूगल प्ले ५१२ × ५१२ चा आयकॉन आणि १०२४ × ५०० चं फीचर ग्राफिक मागतं, अ‍ॅपल १०२४ × १०२४ चा आयकॉन. स्टीमने कॅप्सूलची मापं २०२४ मध्ये दुप्पट केली आहेत, तेव्हा जुन्या लेखात सापडलेला ४६० × २१५ चा साचा बाजूला ठेवा आणि स्टोअरच्या स्वतःच्या सूचना उघडून आकडे ताडून घ्या.

आता या कागदावर आणखी एक माप लिहा. ते अपलोड करावं लागत नाही, म्हणून ते हमखास निसटतं. स्मॉल कॅप्सूलवरून स्टीम आपणहून दोन छोट्या आवृत्त्या तयार करतं, १८४ × ६९ आणि १२० × ४५. सर्चच्या निकालांत आणि लांबलचक याद्यांत भराभर खाली सरकणाऱ्या माणसाला तुमचा खेळ एवढाच दिसतो. बहुतेक जण आधी मोठं, देखणं चित्र करवून घेतात आणि मग ते दाबून दाबून छोट्या चौकटीत कोंबतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. १२० × ४५ मध्ये काय टिकतं हे आधी ठरवावं आणि तिथून वर मोठ्या आकारांकडे जावं.

एक हिशोब करून बघा. समजा, दीपगृहाच्या राखणदाराचा कोडी सोडवायचा खेळ आहे आणि नाव रोमन लिपीत वीस अक्षरांचं आहे. एका ओळीत लिहिलं तर १२० पिक्सेलमध्ये एका अक्षराच्या वाट्याला सहा पिक्सेल येतात, कडेची मोकळी जागा धरली तर पाचच. त्यात अक्षरांवर बारीक सेरिफ (टोकांवरच्या छोट्या रेघा) असतील तर सगळी पुसट रेघ होते. तेच नाव दोन ओळींत मांडलं की अक्षराला अकरा पिक्सेलच्या आसपास रुंदी आणि वीसेक उंची मिळते आणि ते वाचता येतं. पण मग दीपगृहाला जागा राहत नाही. नाही राहिली तर नाही राहिली. स्मॉल कॅप्सूल लोगोने जवळजवळ भरून टाका, असं स्टीमच सांगतं. इथे एक मोह सगळ्यांनाच होतो, तो म्हणजे नावातल्या ‘आय’ या अक्षराचंच दीपगृह करायचा. मेन कॅप्सूलवर ते झकास दिसतं. छोट्या आकारात मात्र ते अक्षर ओळखू येत नाही आणि नाव भलतंच वाचलं जातं. म्हणून लोगोची दुसरी, साधी आवृत्ती करून ठेवा: चमक नाही, तडे नाहीत, वेली नाहीत, फक्त जाड अक्षरं आणि मागे गडद कड. लोगो देवनागरीत असेल तर वेलांट्या आणि उकारांसाठी ओळीच्या वर-खाली जागा सोडावी लागते आणि दोन ओळी एकमेकींत अडकतात का, हे छोट्या आकारात तपासावं लागतं. नाव अजून पक्कं झालं नसेल, तर याच टप्प्यावर ते छोटं करण्याचा विचार करायला हरकत नाही.

यानंतर शेजारी बघा. तुमच्या खेळाला जे टॅग (खेळ कसला ते सांगणारे शब्द) लावणार आहात, तेच टॅग असलेल्या वीसेक खेळांच्या कॅप्सूल एका पानावर रांगेत लावा आणि मधली एक जागा रिकामी सोडा. या पानावरून दोन गोष्टी कळतात. एक, त्या जॉनरचे (खेळाच्या त्या प्रकाराचे) लोक कोणत्या खुणांवरून खेळ ओळखतात. दोन, कुठल्या रंगांची गर्दी झाली आहे. खुणा घ्या, गर्दी टाळा. स्टीमचं पान गडद निळसर असतं. दीपगृह आणि रात्र म्हटल्यावर पहिलं चित्र काळ्या-निळ्या समुद्राचंच सुचतं, आणि नेमकं तेच तिथे पानात विरघळून जातं. चौकट कुठे संपते हेच कळत नाही. तीच रात्र मावळतीच्या केशरी उजेडात नेली, किंवा झोताचा पिवळा पट्टा चौकटीच्या कडेपर्यंत आणला, की चित्र सुटं दिसायला लागतं.

मग एक वाक्य लिहा: या खेळात खेळणारा नेमकं काय करतो? गोष्ट काय आहे, जग कुठलं आहे हे नंतर. ‘आरसे फिरवून जहाजांना वाट दाखवतो’ एवढं पुरे. चित्रात आरसा, हात आणि जहाज यांपैकी निदान दोन गोष्टी दिसायला हव्यात. खेळ पिक्सेल आर्टचा (ठळक चौकोनी ठिपक्यांचा) आणि कव्हर रंगवलेलं, हे चालतं. शांत कोड्यांच्या खेळाच्या कव्हरवर भेदरलेला चेहरा आणि रक्ताळलेली अक्षरं असतील तर मात्र चालत नाही. भीतीदायक खेळ शोधणारा माणूस क्लिक करेल, विकतही घेईल. पण स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर खेळ परत करता येतो, आणि तो तेच करेल.

कच्ची स्केचेस बोटभर आकाराची काढा, आठ-दहा तरी, आणि फक्त करड्या रंगाच्या तीन छटांत. या टप्प्यावर रंग वापरला की नजर फसते. आकृतीची बाह्यरेषा पार्श्वभूमीवर उठून दिसते का, एवढंच बघायचं. पाच पात्रांची फौज उभी करण्यापेक्षा एक चेहरा किंवा एक वस्तू मोठी घ्या. हा नियम मोडून जमवलेली चित्रं आहेत, पण ती जमवणारे हात वेगळे. रंग भरल्यावर लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांसाठीच्या सिम्युलेशनमधून (त्यांना चित्र कसं दिसतं ते दाखवणाऱ्या सोयीतून) एकदा चित्र बघा. बारा पुरुषांत साधारण एकाला हा त्रास असतो.

चित्रकाराला काम देणार असाल तर ब्रीफमध्ये (कामाच्या लेखी सूचनेत) ते एक वाक्य, सगळी मापं, खेळाचे स्क्रीनशॉट, शेजाऱ्यांचं पान आणि नको असलेल्या गोष्टींची यादी द्या. पैशांइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे लेयर, म्हणजे फाइलमधले एकावर एक ठेवलेले सुटे थर. पात्र, पुढची वस्तू, पार्श्वभूमी आणि लोगो वेगवेगळ्या लेयरवर हवेत, आणि पात्राच्या मागे जे झाकलं जातं तेही रंगवलेलं हवं. कारण आडव्या ९२० × ४३० मध्ये डावीकडे उभा असलेला राखणदार ६०० × ९०० मध्ये मधोमध आणावा लागतो, तिथे वर आभाळ जास्त लागतं, खाली खडक जास्त लागतात. एकसंध जेपीजी हातात आली की हे सगळं पुन्हा रंगवून घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे. लायब्ररी हिरोवर अक्षर चालत नाही, लोगो त्याच्यावर वेगळा बसवला जातो. महत्त्वाचा भाग मधल्या ८६० × ३८० च्या पट्ट्यात ठेवा, कारण कडा खिडकीच्या आकाराप्रमाणे कापल्या जातात. दुरुस्त्या किती वेळा, जाहिरात, ट्रेलर आणि छापील वस्तूंसाठी वापरण्याचा हक्क, चित्रकाराचं नाव कुठे जाणार, जनरेटिव्ह एआय वापरलं आहे का, लोगोच्या फॉन्टचा व्यावसायिक परवाना कोणाच्या नावावर, हे सारं लेखी असावं. तोंडी ठरलेलं खेळ चालला की आठवत नाही, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

नियमांचं काम पटकन उरकतं. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर खेळाचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. परीक्षणातले तारे, पुरस्कारांची चिन्हं, सवलतीचे आकडे लावता येत नाहीत. मोठ्या अपडेटची घोषणा चित्रावर लिहायची असेल तर त्यासाठी तात्पुरतं चित्र लावण्याची वेगळी सोय आहे, तीही जास्तीत जास्त एक महिना.

तपासणी फोनवर करा, हात लांब करून. खेळाबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला छोटी कॅप्सूल दोन-तीन सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: नाव काय होतं? खेळ कसला असेल? ‘आवडलं का?’ असं विचारूच नका. घरचे आणि मित्र ‘छान आहे’ यापलीकडे काही बोलत नाहीत. नाव चुकलं तर लोगोकडे परत जा, जॉनर चुकला तर वाक्याकडे.

तारखांचंही बघून ठेवा. स्टीमवर ‘लवकरच’ म्हणून पान रिलीजच्या निदान दोन आठवडे आधी उघडं असावं लागतं. पण विशलिस्ट (खेळ नंतर घ्यायचा म्हणून लोकांनी केलेल्या नोंदी) जमवायला ते कितीतरी महिने आधी लागतं, म्हणजे चित्र त्याहूनही आधी. पान उघडल्यावर स्टीमच्या ट्रॅफिक अहवालात कॅप्सूल किती वेळा दिसली आणि त्यातून किती जण पानावर आले, हे कळतं. चित्र बदलायचं झालं तर त्याच सुमारास टॅग, ट्रेलर आणि वर्णनाला हात लावू नका, बदलाची तारीख लिहून ठेवा, आणि तुलना करताना सेलचे किंवा नेक्स्ट फेस्टचे (स्टीमच्या डेमो महोत्सवाचे) आठवडे वगळा.