ब्रँड विकला गेल्यावर ट्रेकिंगची सॅक कशी पारखावी आणि वॉरंटी कशी राखावी

राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूने उतरताना माझ्या 55 लिटरच्या सॅकचा हिप बेल्ट, म्हणजे कमरेला आवळायचा पट्टा, उजव्या बाजूने उसवला, तेव्हा आत बारा किलो सामान होते आणि गाव गाठायला बरेच अंतर बाकी होते. बेल्टचे कापड शाबूत होते. तो सॅकच्या अंगाला जिथे जोडलेला होता तिथले टाके तेवढे सुटले होते. नऊ वर्षांपूर्वी ही सॅक घेताना तिच्यावर ‘आजीवन वॉरंटी’ असे ठळक छापलेले होते, पण मधल्या काळात तो ब्रँड दुसऱ्या कंपनीने विकत घेतला होता. जुन्या पत्त्यावर पाठवलेला ईमेल तसाच परत आला. नव्या मालकाच्या ग्राहक सेवेने तीन वेळा फोटो मागवले आणि शेवटी हे मॉडेल आपल्या यादीत नसल्याचे कळवून नव्या सॅकवर सवलत देऊ केली. त्या पत्रव्यवहारातून आणि नंतरच्या दुरुस्तीतून जे शिकलो, ते सोलापुरातून सह्याद्रीत जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सॅकच्या बाजारात मालक बदलणे ही नवी गोष्ट नाही. वेन ग्रेगरी यांनी 1977 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेला ग्रेगरी हा ब्रँड 2014 मध्ये सॅमसोनाइटने 8.4 कोटी डॉलरना घेतला. 1974 मध्ये सुरू झालेला ऑस्प्रे 2021 च्या अखेरीस हेलन ऑफ ट्रॉय या घरगुती वस्तूंच्या कंपनीकडे गेला, तर मिस्टरी रँच 2024 मध्ये थंडपेट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘येटी’ (YETI) या कंपनीने घेतला. मालक बदलला म्हणजे माल घसरलाच असे समजणे अन्यायाचे होईल, कारण नव्या मालकाच्या भांडवलामुळे सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय वाढूही शकते. मात्र सॅकवरचे नाव जुने असले तरी तिचे कापड कोण निवडतो, शिलाई कोठे होते आणि तक्रारीला उत्तर कोण देतो हे बदललेले असू शकते. म्हणून अशा ब्रँडची सॅक घेताना जुन्या लौकिकावर विसंबू नये. हातातली सॅक ही जणू अनोळखी कंपनीची आहे असे धरून ती तपासावी.

पहिली तपासणी पाठीची. सॅकचा आकार माणसाच्या उंचीवरून ठरत नाही, पाठीच्या लांबीवरून ठरतो, आणि एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पाठी सहज चार-पाच सेंटिमीटरने कमीजास्त असतात. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत वर आलेला हाताला लागतो, तिथे टेपचे एक टोक धरायला दुसऱ्या कोणाला सांगावे. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून कमरेच्या हाडांची वरची कड चाचपावी आणि अंगठे मागे वळवावेत. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तिथपर्यंतचे अंतर ही आपल्या पाठीची लांबी. प्रत्येक कंपनीचा मापाचा तक्ता वेगळा असतो आणि मालक बदलल्यानंतर एकाच मॉडेलचा तक्ताही बदलू शकतो, त्यामुळे ‘मला नेहमी मीडियम बसते’ एवढ्यावर ऑनलाइन मागणी नोंदवू नये.

रिकामी सॅक दुकानात कोणालाही चांगलीच बसते, तेव्हा ती भरून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके ओझे ही साधारण मर्यादा मानली जाते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला बारा किलो. घरी हे वजन करायला पाच-पाच किलो ज्वारीच्या दोन पिशव्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात. ज्वारीच्या पिशव्या आपल्या सोलापुरी चादरीत घट्ट गुंडाळून पाठीला लागून, सॅकच्या मधल्या उंचीवर ठेवाव्यात, कारण जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते आणि चालणारा नकळत पुढे वाकतो. सॅक चढवण्याआधी सगळे पट्टे सैल सोडावेत. सर्वांत आधी हिप बेल्ट कमरेच्या हाडांवर मधोमध आणून आवळावा, त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढावेत, मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या भागाकडे जाणारे लहान पट्टे, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात, ते साधारण 45 अंशांच्या कोनात येतील इतके ताणावेत आणि छातीचा पट्टा सर्वांत शेवटी लावावा. क्रम बरोबर असेल तर भाराचा मोठा वाटा, सुमारे 70 ते 80 टक्के, कमरेवर येतो. खात्री करण्यासाठी खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सारून पाहावे. ते अडकत असेल तर एक तर माप चुकले आहे किंवा हिप बेल्ट खाली घसरला आहे.

आपल्याकडे चढण नाही ही खरी अडचण आहे. सिद्धेश्वर तलावाभोवती फेऱ्या मारून सपाटीवरची सवय होते, पण सॅकचा दोष उतारावर कळतो. म्हणून चार मजली इमारतीचा जिना लेबल न काढता, सॅक न मळवता, अर्धा तास चढावा-उतरावा. उतरताना सॅक डाव्या-उजव्या बाजूला हेलकावे खात असेल, किंवा बेल्टची कड कमरेच्या हाडावर एकाच ठिकाणी टोचत असेल, तर ती परत करावी. वापरून सैल पडेल ही आशा बाळगू नये. आपल्या उन्हाळ्यामुळे पाठीशी ताणलेली जाळी असलेली सॅक अनेकांना हवीशी वाटते. जाळीमुळे हवा खेळते हे खरे, पण ओझे पाठीपासून थोडे लांब जाते, हेही तितकेच खरे. एक-दोन दिवसांच्या हलक्या ट्रेकला जाळी घ्यावी आणि जड सामानाच्या मोठ्या मोहिमेला फोमची पाठ घ्यावी, असे माझे मत आहे.

टिकाऊपणा तपासण्यात सोलापूरकर इतरांपेक्षा पुढे असायला हवा, कारण कापड आणि शिलाई हा या गावाचा पिढीजात विषय आहे. सॅकच्या कापडावर 210, 420, 500 असे डेनिअरचे आकडे दिलेले असतात. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. सूतगिरणीतल्या काउंटची सवय असलेल्यांनी इथे जपून राहावे, कारण हे गणित उलटे आहे: काउंट वाढला की सूत बारीक होते, डेनिअर वाढले की धागा जाड होतो. सॅकचा तळ अंगापेक्षा जाड कापडाचा असावा. जुने मॉडेल आणि मालक बदलल्यानंतरचे त्याच नावाचे मॉडेल यांची तुलना करताना दोन्हींचे डेनिअर आणि रिकाम्या सॅकचे वजन शेजारी लिहून पाहावे; किंमत तीच राहून वजन दोन-तीनशे ग्रॅमने उतरले असेल, तर काय कमी केले हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

त्यानंतर सॅक उलटी करून आतली शिलाई पाहावी. खांद्याचे पट्टे आणि हिप बेल्ट जिथे जोडलेले असतात, तिथे बारटॅक, म्हणजे अगदी जवळजवळ घातलेल्या आडव्या टाक्यांची पट्टी, असलीच पाहिजे. गणवेशाच्या पँटचे लूप ज्या टाक्याने पक्के करतात तोच हा टाका, आणि शहरातल्या गणवेशाच्या कोणत्याही कारखान्यात काम केलेला माणूस तो एका नजरेत ओळखतो. माझ्या सॅकला या ठिकाणी नुसती दुहेरी सरळ शिलाई होती, हे मला नऊ वर्षांनी कळले. कापडाच्या कडांना आतून पट्टी लावलेली असावी, नाहीतर सुते सुटत जातात. चेन दोन्ही टोकांपर्यंत दहा वेळा ओढून पाहावी, विशेषतः वळणावर, आणि रनरच्या मागचा आकडा वाचावा. मुख्य कप्प्याला 8 किंवा 10 क्रमांकाची चेन चांगली. बकल तुटले तर शिवण न उसवता बदलता येईल असे आहे का, हे विचारून एक जादा जोडी त्याच वेळी मागून घ्यावी, कारण दोन वेगळ्या कंपन्यांच्या बकलचे नर-मादी भाग बहुधा एकमेकांत बसत नाहीत.

आता वॉरंटी. ब्रँड विकला जातो तेव्हा व्यवहार दोन प्रकारे होऊ शकतो. खरेदीदाराने संपूर्ण कंपनीचे शेअर घेतले असतील, तर कंपनी तीच राहते आणि तिची जुनी देणीही तिच्याकडेच राहतात. परंतु फक्त नाव, डिझाइन आणि साठा विकला असेल, तर जुन्या सॅकची जबाबदारी कोणाची हे त्यांच्यातल्या करारावर ठरते. म्हणून खरेदीआधी ग्राहक सेवेला ईमेल करून दोनच प्रश्न विचारावेत: विक्रीपूर्वी बनलेल्या मालाची वॉरंटी आपण पाळता का, आणि भारतात दुरुस्ती कोण व कोठे करतो? उत्तर आले तर ते जपून ठेवावे. आठवड्यात उत्तर आले नाही तर तेही उत्तरच समजावे. ‘आजीवन’ म्हणजे घेणाऱ्याचे आयुष्य की कंपनीने ठरवलेले सॅकचे आयुष्य, हे वॉरंटीच्या बारीक अक्षरांत वाचावे.

सॅकला अडकवलेले लेबल फेकून देऊ नये. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार त्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. परदेशी ब्रँडच्या बाबतीत आपला खरा आधार हा आयातदारच असतो. बिल थर्मल कागदावर असेल तर आपल्या उन्हाळ्यात ते वर्षभरात वाचेनासे होते, म्हणून त्याच दिवशी लेबल आणि बिल दोन्हींचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करावा.

दोष निघाल्यास आधी लेखी तक्रार करावी. फोनवरचे आश्वासन पुरावा म्हणून उभे राहत नाही. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानंतरही उपयोग न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो, म्हणजे कंपनी बंगळूरूची असली तरी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते, आणि पत्रव्यवहार लांबत जातो तेव्हा हीच मुदत हातून निसटते.

कंपनीचा लेखी नकार हाती येईपर्यंत सॅक कोठेही दुरुस्तीला देऊ नये, कारण बाहेरचा एक टाकाही नकाराला निमित्त ठरू शकतो. या काळात ती पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नये. कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर उष्णता आणि दमटपणा यांनी विरघळल्यासारखा चिकट होतो, आंबट वास येतो आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. तो दोष वॉरंटीत बसवून घेणे फार कठीण जाते. सॅक कोमट पाण्याने हाताने धुऊन, सावलीत वाळवून, पट्टे सैल सोडून खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवावी.

नकार आल्यावर मी माझी सॅक अक्कलकोट रस्त्याजवळ ट्रकच्या ताडपत्री शिवणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी बेल्ट उलटा करून अंगठ्याने भोके चाचपली आणि म्हणाले, “सर, पट्टा चांगलाय, त्याला टाका कमी पडलाय.” जुन्या भोकांतूनच पुन्हा शिवले तर कापड त्या रेषेवर चिरते, म्हणून त्यांनी अर्धा इंच आत सरकून, मागे पट्ट्याचा जादा तुकडा लावून, जाड पॉलिस्टर धाग्याने चौकोन आणि त्यात फुली असा टाका घातला. अशी दुरुस्ती करून घेताना सुती दोरा वापरू देऊ नये, कारण तो पावसात कुजतो. दुरुस्तीनंतर पुन्हा बारा किलो भरून जिना उतरून पाहावा, शिवलेल्या जागी सुते ताणली जात नाहीत ना हे उजेडात तपासावे, आणि मगच पुण्याच्या गाडीचे तिकीट काढावे.