‘सर्वशक्तिमान’ हा शब्द कसा तपासावा?

दादरच्या फुलबाजारात झेंडूचा हार ओवणाऱ्या आजीला नातवाने विचारले, “देवाला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड घडवता येईल का गं?” आजीच्या हातातली सुई क्षणभर थांबली. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण ‘हो’ म्हणा वा ‘नाही’, देवाला एक गोष्ट जमत नाही असेच ठरते.

प्रथम ‘सर्वशक्तिमान’ या शब्दातील ‘सर्व’ म्हणजे काय, हे ठरवावे. त्यासाठी प्रत्येक उदाहरणाला विचारावे, की ही गोष्ट जगात नुसती आढळत नाही, की तिचे वर्णनच स्वतःला खोडून काढते? आपल्या तर्कपरंपरेतील दोन जुने दाखले येथे फार उपयोगी पडतात. सशाला शिंग नसते, तरी शिंग असलेला ससा कल्पिता येतो. वंध्यापुत्र, म्हणजे मूल न झालेल्या स्त्रीचा मुलगा, मात्र कल्पिताही येत नाही, कारण त्यातला एक शब्द दुसऱ्याला पुसून टाकतो. १३व्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या मते असे व्याघाती, म्हणजे स्वतःलाच खोडणारे, वर्णन शक्तीच्या कक्षेतच येत नाही. उलट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६३०च्या पत्रांत गणिताची सत्येही ईश्वराधीन मानली. मला अक्वायनस यांची बाजू पटते, कारण देकार्त यांच्या वाटेने गेल्यास ‘शक्य’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

मग दगडाकडे यावे. ‘ज्याला काहीही उचलता येते, त्याला न उचलता येणारा दगड’ हे वर्णन वंध्यापुत्राच्याच जातीचे आहे. मात्र स्वतःला न पेलणारा काँक्रीटचा ठोकळा आपल्या चाळीतला गवंडीही ओततो, हा आक्षेप उरतोच. म्हणून वाक्यातल्या ‘स्वतःला’च्या जागी कर्त्याचे नाव घालून मगच निर्णय द्यावा: ‘गवंड्याला न पेलणारा ठोकळा’ यात विसंगती नाही, ‘सर्वशक्तिमानाला न पेलणारा दगड’ यात मात्र आहे.