महिला पोलिसांवरचा तमिळ चित्रपट गणेश मंडळात कसा दाखवावा

‘मिग मिग अवसरम’ हा सुरेश कामाच्ची यांनी दिग्दर्शित केलेला, २०१९ साली प्रदर्शित झालेला तमिळ चित्रपट पुण्यातील मंडळांच्या कार्यकर्त्यांनी गणेशोत्सवाच्या आधी एकत्र बसून पाहावा, असे मला मनापासून वाटते. बंदोबस्तासाठी पुलावर उभ्या केलेल्या एका महिला शिपायाला लघवीला जायचे आहे. पण ज्या वरिष्ठाला तिने दाद दिली नाही, तोच सूड म्हणून तिला जागा सोडू देत नाही. कथा एवढीच आहे. लक्ष्मी रस्त्यावर वर्षानुवर्षे मिरवणूक काढणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही.

चित्रपटाच्या निर्मात्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. घरी घेतलेल्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही, प्रवेश विनामूल्य असला तरीही. म्हणून तारीख, ठिकाण आणि प्रेक्षकांची अंदाजे संख्या कळवणारे पत्र पुरेसे आधी पाठवावे. उत्सवापूर्वी पोलीस ठाण्यात मंडळांची जी बैठक होते, तिच्या आधीचा एखादा रविवार निवडल्यास चर्चेत निघालेले मुद्दे त्या बैठकीत मांडता येतात.

भाषेची तयारी मात्र कसून करावी. इंग्रजी सबटायटल्स सर्वांना सारख्याच वेगाने वाचता येत नाहीत, त्यामुळे रास्ता पेठेतील किंवा खडकीतील एखाद्या तमिळभाषक परिचिताला चित्रपट आधी दाखवून, त्याच्या मदतीने प्रसंगांचा एक पानी मराठी गोषवारा तयार करावा आणि तो सुरुवातीलाच वाटावा. खेळ मध्येच थांबवून अर्थ सांगत बसू नये; या चित्रपटाचा सारा ताण ताटकळण्यात आहे, आणि तो तुटला की प्रेक्षकांपर्यंत केवळ बातमी पोहोचते.

खरे काम चर्चेचे आहे. प्रेक्षकांचा पहिला संताप त्या अधिकाऱ्यावर निघेल, आणि तो निघू द्यावा, कारण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पोलीस दलालाही लागू आहे, हे सांगण्याची संधी तेथेच मिळते. त्यानंतर सूत्रसंचालकाने एकच प्रश्न विचारावा: अधिकारी सज्जन असता आणि त्याने तिला लगेच जा म्हटले असते, तर ती गेली कुठे असती? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण छळ करणारा माणूस आपल्या हाताबाहेरचा असू शकतो; शौचालयाची सोय मात्र मंडळाच्या आवाक्यातील असते.

या टप्प्यावर दोन घटना सांगाव्यात. जून २०२१ मध्ये तमिळनाडूच्या पोलीस महासंचालकांनी मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यांच्या वेळी रस्त्यावरील बंदोबस्ताला महिला पोलिसांना उभे करू नये, अशी सूचना दिली. महाराष्ट्रात त्याच वर्षी महिला पोलिसांची कामाची पाळी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा निर्णय झाला. मात्र सणासुदीच्या बंदोबस्तात वरिष्ठांच्या परवानगीने ती वाढवता येते, आणि पुण्याची विसर्जन मिरवणूक तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. गर्दीतील स्त्रियांसाठी महिला पोलीस तेथे असायलाच हव्यात, त्यामुळे त्यांना दूर ठेवण्याचा उपाय मला येथे पटत नाही.

वक्ता म्हणून निवृत्त महिला पोलिसाला बोलवावे. सेवेत असलेल्या महिलेला जाहीरपणे वरिष्ठांविषयी बोलायला लावू नये, तिचे चित्रीकरण करू नये. ती प्रेक्षकांत बसून ऐकणार असेल तर तिचा परिचयही करून देऊ नये. निवृत्त बाईंना मात्र नेमके प्रश्न विचारावेत. पॉइंटवर, म्हणजे नेमून दिलेल्या बंदोबस्ताच्या जागी, थोडा वेळ बदली कोण देत असे, पट्ट्यासह गणवेश उतरवायला किती जागा लागते, पाळीच्या दिवसांत काय करावे लागे, आणि जाता येणार नाही म्हणून पाणी पिणेच टाळले जाई का. पुरुष कार्यकर्ते सुरुवातीला संकोचतील. बाईंनी सरळ उत्तरे दिली की तो संकोच ओसरतो.

चर्चा संपल्यावर तेथूनच चार-पाच जणांनी आपल्या मंडळाच्या मार्गावर चालत जावे. बेलबाग चौकापासून अलका चौकापर्यंतच्या टप्प्यात कोणते सार्वजनिक शौचालय रात्री उघडे असते, कोठे दिवा आणि आतून कडी आहे, कोठे पाणी येते, सॅनिटरी नॅपकिन टाकायला डबा आहे का, हे पाहून वहीत नोंदवावे. ज्या दुकानदारांची किंवा वाड्यांची शौचालये वापरता येतील, त्यांची संमती घेऊन त्या जागांची यादी पोलीस ठाण्यातील बैठकीत द्यावी आणि बंद असलेल्या शौचालयांविषयी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज करावा. यादीतील प्रत्येक जागेपुढे किल्ली कोणाकडे आहे ते लिहावे, आणि पहाटेच्या वेळेसाठी दुसऱ्या माणसाचे नावही लिहून ठेवावे.